सव्वातीन तासांच्या मॅरेथॉनसाठी आठवड्याला नेमके किती किलोमीटर?

पहाटफेरी (प्रश्न)

नमस्कार. मी ३८ वर्षांचा असून पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. गेली साडेचार वर्षे धावतो आहे. अर्धमॅरेथॉनची माझी सर्वोत्तम वेळ १ तास ३४ मिनिटे आहे, आणि त्या हिशेबाने पूर्ण मॅरेथॉन सव्वातीन तासांच्या आसपास व्हायला हवी, असे नेटवरचे प्रत्येक गणकयंत्र मला सांगत होते. प्रत्यक्षात गेल्या जानेवारीत मुंबईला मला ३ तास ३८ मिनिटे लागली. पहिला अर्धा भाग १ तास ३८ मिनिटांत अगदी सुखाने पार पडला. तिसाव्या किलोमीटरनंतर मात्र मांड्या दगडासारख्या झाल्या आणि दुसऱ्या अर्ध्या भागाला पूर्ण दोन तास लागले. पेडर रोडचा चढ मी चालत चढलो. त्याच चढावर पन्नाशीच्या एक बाई लहान लहान पावले एकाच लयीत टाकत माझ्या शेजारून पुढे निघून गेल्या. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

माझा आठवडा असा असतो. मंगळवारी सणस मैदानाच्या ट्रॅकवर इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत केलेल्या छोट्या वेगवान धावा) धरून ८ किलोमीटर, गुरुवारी टेम्पो (सलग, कष्टाच्या पण टिकवता येणाऱ्या वेगाने) ८, शनिवारी ५ आणि रविवारी गटाबरोबर २४, असे एकूण ४५ होतात. स्पर्धेपूर्वी रविवारची धाव दोनदा ३० आणि एकदा ३२ पर्यंत नेली होती. एरवीच्या धावा साधारण किलोमीटरला ५:०० ते ५:१० मिनिटांच्या वेगाने होतात.

येत्या जानेवारीत पुन्हा मुंबईच धावणार असून लक्ष्य ३:१५ आहे. गटातील एकाचे म्हणणे असे, की इंटरव्हल नीट केले तर ५० किलोमीटर पुरतात. दुसरा म्हणतो, की १०० च्या खाली जे काही होते ते केवळ फिरणे आहे. गेल्या ऑगस्टमध्ये मी एकदम ७० वर उडी घेऊन पाहिली. दुसऱ्याच आठवड्यात उजव्या नडगीत दुखू लागले आणि तीन आठवडे बसून काढावे लागले.

बंधनेही सांगतो. धावायला वेळ मिळतो तो पहाटे पावणेपाच ते पावणेसात एवढाच, कारण सात दहाला मुलीची शाळेची बस येते. सोमवारी आणि बुधवारी रात्री साडेदहा ते साडेअकरा अमेरिकेशी कॉल असतो. एवढ्या चौकटीत सव्वातीन तासांसाठी आठवड्याला किती धावावे लागेल, हे ज्यांनी ती वेळ गाठली आहे त्यांच्याकडून ऐकायचे आहे.

टेकडीवाला

माझे वय ४४ असून सर्वोत्तम वेळ ३:०४ आहे. त्यापूर्वी ३:४१, ३:२९ आणि ३:१७ अशा पायऱ्या चढलो, त्यामुळे तुम्ही आज जिथे आहात त्या पायरीवर मीही बराच काळ बसून होतो.

आधी त्या गणकयंत्राविषयी. बहुतेक गणकयंत्रे पीटर रीगल या अमेरिकी अभियंत्याच्या सूत्रावर चालतात. अंतर दुप्पट झाले की वेळ दुप्पट न होता सुमारे २.०८ पट होते, असे ते सूत्र मानते. १:३४ ला ते लावले की ३:१६ मिळतात. मात्र धावणाऱ्याची दोन्ही अंतरांसाठी सारखीच तयारी झाली आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. तुमची झालेली नाही. सूत्राने दिलेल्या ३:१६ आणि तुम्हाला लागलेल्या ३:३८ यांतली २२ मिनिटे वेगाच्या अभावाची नसून आठवड्याच्या किलोमीटरांच्या अभावाची आहेत. म्हणून आणखी इंटरव्हल करून ती भरून निघणार नाहीत.

याचे कारण थोडे सविस्तर सांगतो. स्नायू आणि यकृत मिळून आपल्या शरीरात साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठते, म्हणजे ढोबळमानाने २,००० उष्मांक. धावताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे एक उष्मांक खर्च होतो असे धरले, तर ७० किलो वजनाच्या माणसाला ४२ किलोमीटरांना जवळजवळ ३,००० लागतात. ही तूट वाटेत घेतलेल्या साखरेतून आणि अंगातल्या चरबीतून भरून काढावी लागते. ठरावीक वेगाला चरबीचा वाटा किती राहील, हे स्नायूंतील मायटोकाँड्रिया (पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या) आणि केशवाहिन्या यांच्यावर अवलंबून असते, आणि ती यंत्रणा उभी राहते ती महिनोन्महिने केलेल्या, संथ आणि भरपूर धावण्याने. अर्धमॅरेथॉन दीड तासात संपते, त्यामुळे तिथे ही उणीव झाकली जाते. तुमची गाडी तिसाव्या किलोमीटरला बंद पडली, म्हणजे टाकी जिथे रिकामी व्हायची तिथेच झाली.

आता आकडा. माझ्या ओळखीतल्या पंधरा-वीस हौशी धावकांच्या नोंदींवरून मी बांधलेला अंदाज असा, की साडेतीन तासांसाठी ५५ ते ६५, सव्वातीनसाठी ७० ते ८५ आणि तीन तासांच्या आत येण्यासाठी ८५ ते १०५ किलोमीटर लागतात. हे सर्वांत मोठ्या आठवड्याचे आकडे नव्हेत. स्पर्धेआधीच्या बारा ते चौदा आठवड्यांची ही सरासरी आहे. लोक सांगतात तो आकडा बहुधा त्यांच्या सर्वांत भरलेल्या आठवड्याचा असतो, हे ऐकताना ध्यानात ठेवावे. शिवाय याहून कमीत धावणारे आहेत आणि याहून जास्त धावूनही तिथे न पोहोचलेले आहेत, म्हणून याला नियम समजू नका.

तुम्ही ७० वर गेलात तेव्हा नडगी का दुखली, याचे उत्तर मला तुमच्या ५:०० ते ५:१० मध्ये दिसते. सव्वातीन तासांची मॅरेथॉन म्हणजे ४:३७ चा वेग, आणि तुमच्या रोजच्या धावा त्याच्यापासून जेमतेम अर्ध्या मिनिटावर आहेत. हा वेग धड संथ नाही आणि धड कष्टाचाही नाही. अशा मधल्या वेगाने ४५ किलोमीटर निभावतात, ८० निभावत नाहीत. इंटरव्हल आणि टेम्पो सोडून बाकी सर्व धावा ५:४० ते ६:०० वर आणा. शेजारच्याला पूर्ण वाक्यात उत्तर देता आले पाहिजे, हीच त्याची कसोटी. पहिले तीन आठवडे लाज वाटते. पाषाणला ओळखीचे लोक मागून येऊन पुढे जातात, एखादा पाठीवर थाप मारून ‘आज काय, बरं नाही का?’ असे विचारतो. ते ऐकून घ्यावे.

दुसरी गोष्ट रविवारची. तुमच्या ४५ पैकी २४ किलोमीटर एकट्या रविवारी होतात, म्हणजे निम्म्याहून अधिक. लांब धाव आठवड्याच्या एक तृतीयांशाच्या जवळपास असावी. ती ३२ पर्यंत नेली की तयारी झाली, असे आपल्याकडे मानले जाते; पण बाकीचे चार-पाच दिवस पाय मोकळे ठेवून रविवारी घेतलेली ३२ ची धाव म्हणजे दर आठवड्याला दिलेली एक छोटी स्पर्धाच असते, आणि तिच्यातून सावरण्यात मंगळवार जातो. (पुण्यातील रविवारची धाव किती लांब असावी हे बहुधा मिसळीचे दुकान किती वाजता उघडते यावर ठरते, हा भाग वेगळा.)

तुमच्या वेळेच्या चौकटीत माझा ८० चा आठवडा असा बसला असता. सोमवारी सुट्टी. मंगळवारी १४, त्यात टेकडीच्या चढावर सहा-आठ छोट्या वेगवान धावा. बुधवारी संथ १०. गुरुवारी १३, त्यातले ७ किंवा ८ टेम्पो वेगाने. शुक्रवारी ८ आणि शनिवारी १०, दोन्ही अगदी संथ. रविवारी २६. एकूण ८१ होतात आणि वेळ साधारण पावणेआठ तास लागतो, म्हणजे आजच्यापेक्षा साडेतीन-चार तास अधिक. आठवड्याच्या मधल्या दिवशी १४ किलोमीटर धावायला संथ वेगाने ऐंशी मिनिटे पुरतात, म्हणजे पावणेपाचला बाहेर पडलात तर सहा पाचला तुम्ही दारात परत येता. ऑक्टोबरच्या अखेरीपासून एक रविवार सोडून एक रविवार शेवटचे १० ते १४ किलोमीटर ४:३७ ने धावा आणि त्या धावेत स्पर्धेच्या दिवशी घ्यायचे असेल तेच घ्या. तासाला ६० ग्रॅम कर्बोदके पोटात टिकवणे हाही सरावाचाच भाग आहे.

गोदाकाठ

मी नाशिकची, वय ४७. माझी सर्वोत्तम वेळ ३:३२ असून तिच्यासाठी मी कधीही ५८ किलोमीटरांच्या वर गेले नाही. बोस्टन मॅरेथॉनच्या प्रवेशासाठी ४५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांचा सध्याचा निकष ३:४५ आहे, तेव्हा माझ्या गटासाठी ही वेळ वेगवान म्हणायला हरकत नसावी. टेकडीवाले यांनी लिहिलेल्या बहुतेक गोष्टी मला मान्य आहेत. तरी आठवड्याचा आकडा हे चुकीचे माप आहे, असे मला वाटते.

मी अकरा वर्षे धावते आहे. त्यातली गेली सात वर्षे दर वर्षी २,५०० ते २,७०० किलोमीटर होतात. आषाढात ओल्या बुटांत जुनी वर्तमानपत्रे कोंबून ते पंख्याखाली ठेवायचे आणि सकाळी अर्धवट ओलेच पायात घालायचे, हे मी सलग इतके पावसाळे केले आहे, की आता ५५ चा आठवडा मला ‘सराव’ वाटत नाही. दिवाळीच्या आठवड्यातही ४० होतात. ज्या बाई तुमच्या शेजारून पुढे गेल्या, त्यांनी आदल्या महिन्यात किती केले हे विचारण्यापेक्षा त्या किती वर्षे धावत आहेत हे विचारायला हवे होते.

म्हणून माझी एक विनंती आहे. घड्याळाच्या ॲपमध्ये गेल्या पूर्ण वर्षाची बेरीज काढा आणि तिला ५२ ने भागा. येईल तो तुमचा खरा आठवडा. पावसाने बुडालेले दिवस, गणपतीत गावी गेलेले दहा दिवस, नडगीचे तीन आठवडे, स्पर्धेनंतरचा आळसाचा महिना, हे सगळे त्यात येईल. तो आकडा ४५ आला तर मी माझे शब्द परत घेईन.

एक गोष्ट स्त्री धावकांसाठी मुद्दाम लिहिते, कारण हा धागा त्याही वाचत असतील. किलोमीटर वाढवण्यापूर्वी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (त्यावरून लोहाचा साठा कळतो) तपासून घ्यावे. माझे हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा तळाला गेला होता, आणि सहा महिने मी त्याला सरावाचा थकवा समजत होते.

१९८६_पासून

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली आणि मी तीत प्रथम १९८६ साली धावलो. तेव्हा ना धावताना खायचे ऊर्जेचे जेल होते ना हातावर नकाशे दाखवणारी घड्याळे. आम्ही कॅनव्हासच्या बुटांत धावत असू आणि आठवड्याला १०० किलोमीटर होत असत, कारण त्याहून कमी धावून मॅरेथॉन होते असे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी आपल्या धावपटूंना आठवड्याला १६० किलोमीटर धावायला लावले. त्यांचा शिष्य पीटर स्नेल हा मुळात ८०० मीटर धावणारा खेळाडू. तोही रविवारी ऑकलंडजवळच्या वाइआटारुआच्या डोंगराळ वाटेवर ३५ किलोमीटर धावत असे, आणि १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये त्याने ८०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. दोन फेऱ्यांच्या शर्यतीसाठी ३५ किलोमीटर! आणि आपण बेचाळीस किलोमीटरांसाठी ५० पुरतील का, असे विचारतो.

हे तरुणांसाठी झाले असे कोणी म्हणेल, म्हणून कॅनडाच्या एड व्हिटलॉक यांचेही नाव घेतो. २००४ साली टोरँटोला त्यांनी वयाच्या ७३ व्या वर्षी २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. त्यांचा सराव म्हणजे घराजवळच्या दफनभूमीत संथ फेऱ्या मारणे, अनेकदा सलग तीन तास. मोजून-मापून कमीत कमी किती करावे, या हिशेबाने ते निघाले नव्हते. पहाटफेरी यांनी ८० चा आकडा डोक्यात ठेवला तर ते ७० करतील, १०० ठेवावा.

तोक्योतला_सोलापूरकर

आदरपूर्वक मतभेद नोंदवतो. व्हिटलॉक यांचे उदाहरण मोठे आहे, पण ते निवृत्त होते आणि त्यांना सात दहाची बस गाठायची नव्हती. नोकरी करणाऱ्यासाठी मला जपानच्या युकी कावाउची यांचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. २०१८ साली थंडी, पाऊस आणि समोरचा वारा यांत त्यांनी २:१५:५८ ची वेळ देऊन बोस्टन मॅरेथॉन जिंकली, तेव्हा ते येथील सायतामा प्रांताच्या सरकारी नोकरीत, एका शाळेच्या कार्यालयात पूर्ण वेळ काम करत होते. व्यावसायिक धावपटू दिवसातून दोनदा धावतात. कावाउची नोकरीमुळे एकदाच धावत. आठवड्यात एक दिवस वेगाचा, एक दिवस लांब पल्ल्याचा आणि उरलेले दिवस संथ, अशी त्यांची साधी मांडणी होती. त्यांचे किलोमीटर अर्थातच तुमच्या-माझ्यापेक्षा खूप जास्त असत, पण त्या मांडणीचा साचा सामान्य नोकरदाराला जसाच्या तसा उचलता येतो.

मी येथे आठ वर्षे आहे. जपानमध्ये हौशी धावकाला ‘नागरिक धावक’ म्हणतात, आणि तीन तासांच्या आत येण्याला ‘सबु-सुरी’ असा खास शब्द आहे. आपल्याकडे दहावीच्या टक्क्यांविषयी बोलतात तितक्या गांभीर्याने त्याविषयी बोलले जाते. अराकावा नदीच्या काठाने अंतराच्या पाट्या लावलेला सलग सपाट रस्ता आहे. पहाटे तिथे साठीच्या आसपासचे गृहस्थ इतक्या हळू धावताना दिसतात, की माझ्यासारख्याला त्यांना मागे टाकण्याचा मोह आवरत नाही. त्यांपैकी एकांशी पुढे ओळख झाली. ते ५८ वर्षांचे आहेत, त्यांची वेळ २:५६ आहे आणि रोजचा वेग ६:१० च्या आसपास असतो. मी त्यांना आठवड्याचे किलोमीटर विचारले तेव्हा त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली. तिच्यात किलोमीटर नव्हतेच. रोजची मिनिटे लिहिलेली होती: ७०, ९०, ७०, ६०, ९०, ६०, १५०.

मला ही पद्धत पटली. पुण्यातील माणसाला तर ती अधिकच सोयीची आहे, कारण ऑक्टोबरच्या उन्हात किंवा चढाच्या रस्त्यावर किलोमीटर पुरे करण्याच्या हट्टाने वेग ओढला जातो. नव्वद मिनिटे ही नव्वद मिनिटेच राहतात. माझी स्वतःची वेळ ३:११ आहे आणि ती आठवड्याला सुमारे साडेसात तासांवर आली. किलोमीटर मोजले तर ७५ च्या आसपास भरतील.

फिजिओ_कोल्हापूर

मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे, म्हणून केवळ नडगीपुरते लिहितो.

पहिला प्रश्न: दुखणे हाडाच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेले होते, की बोटाच्या एका टोकाने दाखवता येईल इतके एका जागी? पसरलेले असेल तर भार कमी करून ते बहुधा आटोक्यात येते. एका जागी असेल, दाबल्यावर कळ येत असेल, रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर तो हाडाला सूक्ष्म तडा जाण्याचा प्रकार असू शकतो. सुरुवातीच्या आठवड्यांत तो एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही आणि एमआरआय करावा लागतो. असे पुन्हा झाले तर धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ‘थोडे गरम झाले की दुखायचे थांबते’ म्हणून धावत राहिलेले किती तरी जण पुढे कुबड्या घेऊन माझ्याकडे आले आहेत.

वाढ किती करावी, याविषयी दर आठवड्याला १० टक्के हा मंत्र सर्वत्र ऐकू येतो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे नवशिक्या धावकांवर केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात या नियमाने वाढवणारा गट आणि नेहमीचा कार्यक्रम पाळणारा गट, दोन्हींत जवळपास पाचात एकाला दुखापत झाली. तेव्हा त्या टक्क्यांत काही जादू नाही. ४५ वरून ७० म्हणजे ५५ टक्के वाढ मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात, हाडाला आणि घोट्यामागच्या कंडरेला महिने लागतात. दम आहे म्हणून पाय तयार आहेत असे समजणे, हीच बहुतेक दुखापतींची सुरुवात असते. दोन आठवडे पाच-पाच किलोमीटर वाढवा, तिसरा तसाच ठेवा, चौथ्यात एक पंचमांश कमी करा. वाढवायचे ते संथ किलोमीटरच. त्या काळात इंटरव्हलची संख्या वाढवू नका.

पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर एका पायाने टाच उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून तीनदा करा. गुडघा सरळ ठेवून तीन वेळा पंधरा आणि गुडघा किंचित वाकवून तीन वेळा पंधरा. दुसरा प्रकार लोक गाळतात, पण धावताना सर्वाधिक भार घेणारा पोटरीचा खोलवरचा स्नायू त्यानेच तयार होतो. दात घासताना केला तरी चालतो.

आणि झोप. पावणेपाचला बाहेर पडायचे म्हणजे सव्वाचारचा गजर, आणि साडेअकराला संपणारा कॉल. ज्या पहाटेआधी साडेचार तास झोप झाली त्या दिवशी धावू नका, मग तक्त्यात काहीही लिहिलेले असो.

पहाटफेरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोदाकाठ ताईंनी सांगितलेली बेरीज काल रात्री केली. गेल्या वर्षी एकूण १,६१० किलोमीटर झाले होते, म्हणजे आठवड्याला ३१. मी इतके दिवस स्वतःला ४५ चा धावक समजत होतो आणि प्रश्नही त्याच आकड्यावरून विचारला, याची थोडी गंमत वाटली आणि थोडी लाजही. ४५ पूर्ण झालेले आठवडे मोजले तेव्हा ते अवघे चौदा निघाले.

नडगीचे दुखणे पसरलेले होते, एका जागी नव्हते. काल संध्याकाळी पायरीवर टाच उचलून पाहिली. गुडघा वाकवल्यावर उजव्या पायाने नवव्यालाच हार मानली.

आज पहाटे ५:५० ने १० किलोमीटर धावलो. नाडी १३८ च्या वर गेली नाही आणि घरी आल्यावर पोहे खायला बसलो तेव्हा काही केल्यासारखेच वाटत नव्हते. आता दोन शंका उरल्या आहेत. माझी खरी सुरुवात ३१ वरून होणार असेल, तर जानेवारीपर्यंत ८० गाठण्याचा विचार सोडून द्यावा का? आणि सप्टेंबरमधील साताऱ्याची डोंगरावरची अर्धमॅरेथॉन मध्यंतरीची चाचणी म्हणून धावावी का?

टेकडीवाला

सध्या जून चालू आहे. ४० पासून सुरुवात करा आणि फिजिओंनी सांगितलेल्या पायऱ्यांनी जा; सप्टेंबरअखेर ६५ आणि नोव्हेंबरात ७० ते ७५ पर्यंत पोचाल. ८० गाठण्याचा हट्ट यंदा सोडा. सप्टेंबरपासून सरासरीने ६० च्या आसपास राहिलात, तर १,६१० वाल्या वर्षाच्या तुलनेत तुमचे शरीर वेगळेच असेल. जानेवारीत मी तुमच्या जागी असतो तर ४:३७ ने सुरुवात न करता पहिला अर्धा भाग १:३९ मध्ये काढला असता. त्या हिशेबाने ३:१८ ते ३:२० पदरात पडतील. ३:१५ त्याच्या पुढच्या वर्षी. हे ऐकायला कडू आहे, याची कल्पना आहे.

साताऱ्याला जरूर धावा, पण चाचणी म्हणून नव्हे. तिथे निम्मा रस्ता यवतेश्वरच्या घाटाने चढायचा आणि निम्मा उतरायचा असतो, त्यामुळे तिथल्या वेळेवरून सपाट रस्त्याचा अंदाज करता येत नाही. शिवाय उतारावर मांड्या इतक्या कुटून निघतात, की पुढचा आठवडा अर्धाच धरावा लागतो. खरी चाचणी नोव्हेंबरच्या शेवटी घ्या, सपाट रस्त्यावर, १० किलोमीटरांची.

पहाटफेरी

कडू आहे, पण पटले. घरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोजची मिनिटे लिहायला सुरुवात केली आहे. मुलगी त्या चौकटीत धावणारा माणूस काढते आणि सुट्टीच्या दिवशी झोपलेला. बुधवारचा कॉल साडेनऊवर आणता येईल का, असे अमेरिकेतील सहकाऱ्यांना काल लिहिले होते. त्यांचे उत्तर आले आहे, की नोव्हेंबरात त्यांची घड्याळे हिवाळ्यासाठी तासभर मागे जाईपर्यंत जमेल, त्यानंतर पुन्हा साडेदहा. म्हणजे सर्वांत मोठ्या आठवड्यांतच गुरुवारची टेम्पो धाव शुक्रवारवर ढकलावी लागणार.